अपडेटनंतर रुसलेले प्रोग्राम : वाचकांचे प्रश्न

(कमांड उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरा. 'मोठा' असं लिहिलं नसेल तिथे अक्षर लहान लिपीतलं समजा.)

प्रश्न : गिरगावात आमचं डीटीपीचं काम चालतं. मशीनवर आर्च लिनक्स आहे. काल अपडेट केल्यापासून एयूआरमधून (वापरणाऱ्यांनी दिलेल्या बांधणी-कृतींचं भांडार) बांधून घेतलेला एक प्रोग्राम उघडत नाही. टर्मिनलवर 'लिबआयसीयूयूसी.एसओ.७५ सापडत नाही' असं येतं. यूएसआरच्या लिब फोल्डरमध्ये ७६ आकड्याची फाइल दिसते. तिलाच ७५ नावाची सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) दिली तर चालेल का?

उत्तर : देऊ नका. आयसीयू ही युनिकोड सांभाळणारी लायब्ररी. मराठी शब्दांची अकारविल्हे लावणं, ओळ कुठे तोडायची ते ठरवणं अशी कामं ती करते. तिच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला फाइलच्या नावातला आकडा बदलतो आणि आतल्या फंक्शनांच्या नावांनाही तोच आकडा जोडलेला असतो. त्यामुळे लिंक दिलीत तरी प्रोग्राम आत ७५चं शेपूट असलेलं फंक्शन शोधणार आणि 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' म्हणून पुन्हा अडणार. इथे निदान तो उघडतच नाही. ज्या लायब्रऱ्यांत अशी खूण नसते, तिथे लिंकमुळे प्रोग्राम उघडतो आणि ऐन कामात कोसळतो किंवा फाइल बिघडवतो. गिऱ्हाइकाचं काम हातात असताना हा धोका पत्करू नये.

खरा उपाय म्हणजे प्रोग्राम नव्या लायब्ररीवर पुन्हा बांधणं. अधिकृत भांडारात आयसीयू बदलली की तिच्यावर उभी असलेली सगळी पॅकेजं आधी स्टेजिंग या तयारीच्या भांडारात नव्याने बांधतात आणि मग एकत्रच पुढे सोडतात. एयूआरचं तसं नाही. तिथली बांधणी तुमच्या मशीनवर झालेली असते, म्हणून ती पुन्हा करणंही तुमच्याकडेच.

आधी 'पॅकमन -क्यूएम' (क्यू मोठा; पॅकमन म्हणजे आर्चचं पॅकेजं सांभाळणारं साधन) देऊन भांडाराबाहेरची पॅकेजं पाहा. त्यातली कुठली तुटली आहेत हे 'रिबिल्ड-डिटेक्टर' पॅकेजमधली 'चेकरिबिल्ड' कमांड सांगते. एकच प्रोग्राम तपासायचा असेल तर 'एलडीडी' आणि त्याचा पूर्ण पत्ता द्या. 'नॉट फाउंड' लिहिलेली ओळ म्हणजे हरवलेली लायब्ररी. मग पीकेजीबिल्ड (बांधणीची कृती लिहिलेली फाइल) असलेल्या फोल्डरमध्ये 'मेकपीकेजी -सीएफएसआय' द्या, सी मोठा. हा मोठा सी विसरू नका. तो जुना सोर्स फोल्डर पुसतो, नाहीतर ७५वर बांधलेले तुकडेच पुन्हा जोडले जातात. आवृत्ती बदललेली नसल्याने 'एफ'शिवाय मेकपीकेजी 'पॅकेज आधीच बांधलेलं आहे' म्हणून थांबतो. तुटलेल्यांत एयूआरचीच एखादी लायब्ररी असेल तर आधी ती, मग तिच्यावरचे प्रोग्राम.

इथे दोन ठिकाणी माणसं अडकतात. नावाच्या शेवटी 'बिन' असलेलं पॅकेज पुन्हा बांधून उपयोग नाही. ते तयारच उतरतं, नवी आवृत्ती यायची वाट पाहावी लागते किंवा सोर्सवालं पॅकेज घ्यावं लागतं. दुसरं, ८ जीबी रॅमच्या मशीनवर मोठा सी++ प्रोग्राम बांधताना 'किल्ड' येऊन काम थांबलं तर बहुधा मेमरी संपलेली असते. इटीसीमधल्या मेकपीकेजी.कॉन्फमध्ये मेकफ्लॅग्ज (सगळी अक्षरं मोठी) '-जे२' करा. वेळ जास्त लागेल, पण काम तडीस जाईल.

प्रश्न : मुलुंडला घरी फक्त मोबाइलचं हॉटस्पॉट आहे, रोजचा डेटा मोजका. म्हणून 'पॅकमन -एसवाय' (एस मोठा) देऊन हवं तेवढंच पॅकेज घेतो. चूक आहे का?

उत्तर : चूक आहे. अशाने यादी आजची आणि मशीन गेल्या महिन्याचं, अशी गत होते. नव्या पॅकेजसोबत नवी लायब्ररी उतरली की तिच्या जुन्या आवृत्तीवर चालणारे बाकीचे प्रोग्राम बंद पडतात. लायब्ररीला पॅकमनच्या 'इग्नोरपीकेजी' यादीत टाकून अडवून ठेवलं तरी उलट बाजूने तेच घडतं.

डेटाची अडचण खरी आहे. त्यासाठी 'पॅकमन-कॉन्ट्रिब' पॅकेज घ्या. त्यातली 'चेकअपडेट्स -डी' कमांड पॅकमनच्या मूळ यादीला हात न लावता नवी पॅकेजं नुसती उतरवून ठेवते. आज थोडी, उद्या थोडी उतरवा आणि सगळी आली की 'पॅकमन -एसवाययू' (एस मोठा) एकदाच चालवा. मध्येच 'पॅकमन -एससी' (एस मोठा) देऊ नका, उतरवलेलं हाताशी राहू द्या.

खूप दिवसांनी अपडेट करताना सह्यांच्या (पॅकेज खरं असल्याची डिजिटल खूण) चुका आल्या तर 'पॅकमन -एसवाय आर्चलिनक्स-कीरिंग' (एस मोठा) द्यायला हरकत नाही, पण लगेच मागोमाग 'पॅकमन -एसयू' (एस मोठा) द्यायलाच हवं.

प्रश्न : अपडेटनंतर पेन ड्राइव्ह दिसेनासा झाला. ड्राइव्ह बिघडला का?

उत्तर : बहुधा नाही. अपडेटमध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलला, जुन्याची मॉड्यूल्स (गरजेप्रमाणे जोडले जाणारे त्याचे तुकडे) पुसली गेली आणि मेमरीत मात्र अजून जुनाच कर्नल चालू आहे. त्याला ड्राइव्हसाठी लागणारं मॉड्यूल सापडत नाही. 'यूनेम -आर' आणि 'पॅकमन -क्यू लिनक्स' (क्यू मोठा) यांचे आकडे ताडून पाहा. टिंब आणि रेघ यांचा फरक सोडून द्या. आकडेच वेगळे असतील तर मशीन रीस्टार्ट करा.