बुडापेस्टला निघालायस म्हणून

अरे, तुझा मेसेज वाचला. परीक्षा संपली की तुम्ही पाचजण व्हिएन्नाहून ट्रेन पकडणार, तीन दिवस बुडापेस्ट, आणि सोबत पाठवलेली ती यादी, २७ ठिकाणं! यादी आधी बाजूला ठेव. मी तिथे चार-पाच वेळा गेलेय, आणि एकदा मैत्रीण हरवून रात्रभर रडवेली झालेय, म्हणून जरा हक्काने सांगते.

दिवसाला दोन गोष्टी पुरेत, बाकीचा वेळ पायी. बुडा डोंगराकडचं, पेस्ट सपाटीवरचं, मधे डॅन्यूब, १८७३ साली ओबुडासकट ही गावं एकत्र करून एक शहर केलं, आणि अजूनही पूल ओलांडला की वेगळ्या गावात आल्यासारखं वाटतं. चेन ब्रिज १८४९ चा. दुसऱ्या महायुद्धात माघार घेताना जर्मन सैन्याने शहरातले सगळे पूल उडवले, हा पुन्हा बांधून १९४९ ला सुरू केला. पेस्टच्या काठाने २ नंबरची ट्राम जाते, टूरिस्ट बसला पैसे घालण्यापेक्षा संध्याकाळी दिवे लागताना त्या ट्राममध्ये नदीच्या बाजूची खिडकी पकड, पार्लमेंट, पूल, समोरचा किल्ला सगळं दिसतं.

पार्लमेंटपासून काठाने थोडं खाली चालत गेलात की लोखंडी बूट दिसतील, ६० जोड, २००५ साली बसवलेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात इथे ज्यूंना काठावर उभं करून गोळ्या घातल्या, त्याआधी बूट काढायला लावले कारण बुटांना किंमत होती. त्यात लहान मुलांचेही बूट आहेत. तिथे उड्या मारून फोटो काढणारे लोक मी पाहिलेत, तुम्ही तसं करू नका, दोन मिनिटं गप्प उभे राहा.

आणि हे मनात ठेवूनच रात्री सातव्या डिस्ट्रिक्टमध्ये जा, कारण तुमचे ते रुइन बार ज्या गल्ल्यांमध्ये आहेत तो जुना ज्यू मोहल्ला, युद्धात तिथेच घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती होती. नंतर कित्येक इमारती ओस पडल्या, मोडकळीला आल्या, आणि २००० नंतर काही तरुणांनी त्या पडक्या वाड्यांच्या चौकात भंगारातल्या खुर्च्या टाकून बार सुरू केले. सिंप्ला केर्त त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, काझिन्त्सी रस्त्यावरचा. आत जुनी गाडी कापून केलेला बाक आहे, बाथटबचे सोफे आहेत, भिंतीवर जागा नाही इतकं खरडलेलं. तिथे लवकर जा, आठच्या सुमाराला, नंतर पाय ठेवायला जागा नसते. वरच्या मजल्यांवर माणसं राहतात हे मात्र विसरू नका, रस्त्यावर आलात की आवाज खाली.

प्यायचंच असेल तर फ्रॉच माग, वाइनमध्ये सोडा, कमी-जास्त प्रमाणाप्रमाणे त्याची वेगवेगळी नावं आहेत. पालिंका ही फळांची दारू, छोट्या ग्लासात येते आणि सुरुवातीला काहीच वाटत नाही, तीच तर गडबड. तुमच्यातले जे पीत नाहीत त्यांनी रास्पबेरी सिरप-सोडा मागावा, कुणी आग्रह करायचा नाही, तू तर मुळीच नाही. बिअरचे ग्लास आपटून चिअर्स करणं तिथल्या जुन्या लोकांना आवडत नाही, १८४९ मध्ये हंगेरियन सेनापतींना देहदंड दिल्यावर ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी तसं केलं होतं असं सांगतात. खायला लांगोश घ्या, तळलेली गरम जाड पोळी, वर लसणाचं पाणी, आंबट क्रीम आणि किसलेलं चीज, हातात धरली की बोटं तेलकट होतात आणि त्या थंडीत काय बरं वाटतं! गुलाश या मांसाच्या रश्श्यात बहुतेक वेळा बीफ असतं, ज्याला चालत नसेल त्याने आधी विचारावं.

आता हरवलेल्या मैत्रिणीचं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा रात्री दोनला बारमधून निघताना प्रत्येकाला वाटलं ती दुसऱ्यांबरोबर पुढे गेली. हॉस्टेलवर पोचल्यावर कळलं की ती आलेलीच नाही, तिच्या फोनची बॅटरी गेलेली, आणि हॉस्टेलचा पत्ता फक्त फोनमध्ये. पहाटे साडेचारला ती मोठ्या रिंगरोडवरच्या ट्राम स्टॉपवर बसलेली सापडली, हात बर्फासारखे गार. म्हणून सांगते, निघताना माणसं मोजा, मोठ्याने, नावं घेऊन. पत्ता प्रत्येकाच्या खिशात कागदावर. मेट्रो रात्री बंद होते पण ६ नंबरची ट्राम रात्रभर चालते, हॉस्टेल तिच्या जवळ घेतलंत तर अर्धी चिंता मिटली. टॅक्सी रस्त्यात हात करून थांबवू नका, ॲपवरून बोलवा. अनोळखी मुली येऊन 'आम्हाला माहितीय एक बार, चला' म्हणाल्या तर हसून नको म्हणायचं, फोरिंटमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, भलंमोठं बिल येतं आणि दारात दांडगे उभे असतात. कार्ड मशीनने युरो की फोरिंट विचारलं तर फोरिंट. कागदी तिकीट असेल तर पंच करा, तपासनीस खरंच असतात. काही झालंच तर ११२.

सेचेनी बाथला एक सकाळ ठेवा, नाइटपार्टीच्या दुसऱ्या दिवशी तर हवंच. १९१३ चं आहे, आपली चित्रकार अमृता शेरगिल त्याच वर्षी याच शहरात जन्मली. गरम पाण्यात छातीभर बुडालेले आजोबा बुद्धिबळ खेळत असतात, वाफेत पट नीट दिसतही नाही. स्लिपर आणि टॉवेल घरून न्या.

शेवटच्या रात्री झोपूच नये असं वाटलं तर पहाटे बुडाच्या टेकडीवरच्या फिशरमन्स बॅस्टियनवर चढा. तेव्हा गर्दी नसते, आणि सूर्य समोर पेस्टच्या मागून वर येतो, पार्लमेंट काळं दिसतं, नदी आधी उजळते. तिथून मला एक फोटो पाठव, पण पाचहीजण दिसले पाहिजेत.