उघड्यावर उभी गाडी आणि कव्हर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची पांढरी वॅगन आर इंदिरानगरला बिल्डिंगच्या बाहेर उघड्यावर उभी असते, वर उंबराचं झाड आहे. गाडी आठवड्यातून एखाद-दोन वेळाच निघते. मागच्या वर्षी रस्त्यावरून एक स्वस्तातलं चंदेरी कव्हर घेतलं, एकाच उन्हाळ्यात त्याची चंदेरी पावडर सुटायला लागली आणि आता बॉनेटवर उन्हात बारीक गोल गोल रेघा दिसतात. दुकानदार म्हणतो आता शंभर टक्के वॉटरप्रूफच घ्या. काय करू? (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : दादा, वॉटरप्रूफच्या मागे लागू नका. गाडीच्या रंगाला पावसाच्या पाण्याने काही होत नाही, गाडी बनतेच पावसात चालायला. रंग खराब करतात ते ऊन, पक्ष्यांची घाण, झाडावरून गळणारा चिकटा आणि धूळ. आणि शंभर टक्के वॉटरप्रूफ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा आतून प्लास्टिकचा थर दिलेलं जाड कापड असतं, त्यातून पाणी आत येत नाही हे खरं पण आतली वाफ बाहेरही जात नाही. आपल्याकडे थंडीत पारा दहाच्या खाली येतो, रात्री पत्रा गार पडला की त्याच्यावर दव धरतं, कव्हरच्या आतसुद्धा धरतं, आणि सकाळी नऊ-दहाला ऊन चढलं की त्याची वाफ होते आणि गाडी इडलीपात्रात ठेवल्यासारखी त्या वाफेत दिवसभर बसते. असं महिनोन्‌महिने चाललं की वरच्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, ढगाळ पांढुरके डाग येतात, कुठे दगड उडून टवका गेलेला असेल तर तिथून गंज धरतो. रंगकामाला आलेल्या गाडीचा टप आणि बॉनेट असं ढगाळलेलं दिसलं की मी आधी कव्हरचंच विचारतो.

म्हणून श्वास घेणारं कव्हर घ्या. दोन-तीन थरांचं न विणलेलं कापड मिळतं, हाताला जरा फेल्टसारखं लागतं, ते चांगलं. नाहीतर चांगल्या पॉलिएस्टरचं, आतून मऊ सुती किंवा फ्लीसचं अस्तर असलेलं. दुकानात ओळखायचं कसं, तर सोपं आहे. चहाचा गरम ग्लास मागवा, त्याच्या तोंडावर कव्हरचा कोपरा एकेरी धरा आणि वर चष्मा धरा. थोड्या वेळाने काच धुरकट झाली तर वाफ जाते, काच कोरडीच राहिली तर ते कव्हर ठेवून द्या. दुसरं म्हणजे एखादी जुनी सीडी घेऊन जा आणि तिच्या चकचकीत बाजूवर कव्हरची आतली बाजू जरा जोर देऊन घासा, रेघा उठल्या तर तुमच्या बॉनेटवरही उठणारच. चंदेरी थराचं बघायचं तर कापडाला घडी घालून घडीवर अंगठ्याने खसाखसा चोळा, बोटाला चंदेरी लागलं की समजायचं हा एका मे महिन्याचा पाहुणा आहे.

माप मात्र स्वतः बघून घ्या. ‘हॅचबॅक साइज’ म्हणून एकच कव्हर सगळ्यांना देतात, पण तुमची वॅगन आर ३६५५ मिलिमीटर लांब आणि तब्बल १६७५ उंच, आणि स्विफ्ट ३८६० लांब पण उंचीला बरीच कमी. मग ते कव्हर एकीला खाली पुरत नाही नि दुसरीला ढगळ होतं. ढगळ कव्हर वाऱ्यावर फडफडतं, आणि खरं नुकसान तिथेच होतं. तुमच्या त्या गोल रेघा कापडामुळे कमी आणि कापडाखाली अडकलेल्या धुळीमुळे जास्त आल्यात. धुळीचे कण मध्ये, वर कापड, आणि वळवाच्या आधी संध्याकाळी जो वारा सुटतो त्यात ते कापड तासभर मागे-पुढे घासत राहतं. म्हणून आरशांना वेगळे खिसे, पुढे-मागे इलास्टिक आणि मधोमध पोटाखालून जाणारा बक्कलचा पट्टा, एवढं असलंच पाहिजे. पट्टा नसेल तर कुठल्याही शिलाईवाल्याकडून दोन्ही बाजूंना लूप शिवून घ्या आणि पट्टा ओवून टाका, पण दोरीने टपावरून आवळून बांधू नका, दोरी जिथे दाबते तिथेच रंग घासला जातो.

आता तुमच्या रेघांचं. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ, आणि बारीक रेघा बहुतेक त्याच्याच वरच्या थरात असतात. चांगल्या माणसाकडून एकदा हलकं मशीन पॉलिश करून घेतलं तर जातील. मात्र पॉलिश म्हणजे तो थर थोडा थोडा काढणंच असतं, त्यामुळे दर दिवाळीला रबिंग करून घ्यायची सवय लावू नका. चंदेरी ठिपके चिकटले असतील तर नखाने खरवडू नका, थिनर तर अजिबात नको. शांपूच्या पाण्याने धुऊन मग क्ले बारने (रंगावरचे चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) काढून घ्या.

उंबरामुळे तुम्हाला कव्हर खरंच लागणार आहे. फळं पिकली की दिवसा पक्षी आणि रात्री वटवाघळं, आणि ती घाण आम्लधर्मी असते, तापलेल्या पत्र्यावर दुपारभर राहिली तर रंगात खड्डा पडल्यासारखा डाग उमटतो आणि मग तो धुऊन जात नाही. कव्हरवर पडलेली घाण वाळली असेल तर कव्हर काढायच्या आधी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओता, जरा थांबा, मग पुसा. वाळलेली तशीच झटकली तर कण आत जातात.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, रोज गाडी घेऊन सातपूरला कामाला जातो. गाडी काळी आहे, सोसायटीत शेड नाही. समोर बांधकाम चालू आहे आणि एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राकडून वारा आला की राखेचाही थर बसतो. रोज रात्री कव्हर घातलं तर चालेल का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : नका घालू. हे ऐकून बऱ्याच जणांना पटत नाही पण रोज चालणाऱ्या गाडीला कव्हरचा तोटाच जास्त. तुम्ही सातपूरहून घरी येता तेव्हा गाडीवर दिवसभराची धूळ असतेच, त्याच्यावर कव्हर ओढलं की ती धूळ टपापासून बंपरपर्यंत फरफटत जाते, सकाळी काढताना परत एकदा. काळ्या रंगावर हे सगळं लगेच दिसतं. कव्हर फक्त धुतलेल्या आणि पूर्ण कोरड्या गाडीवर घालायचं, आणि रोज गाडी धुऊन कोरडी करणं कोणाला जमतं?

तुम्ही त्याऐवजी जागेकडे लक्ष द्या. दुपारी दोन ते पाचचं ऊन कडक असतं, त्या वेळी बिल्डिंगची सावली पूर्वेकडे पडते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गाडी बिल्डिंगच्या पूर्वेच्या बाजूला लावता आली तर अर्धं काम झालं, कामावरही हाच हिशोब ठेवा. पुढच्या काचेला आतून सनशेड लावा, डॅशबोर्ड वाचतो. हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे असतात, उन्हाने पिवळे पडतात, म्हणून जमेल तेव्हा गाडीचं तोंड भिंतीकडे करून लावा. राख आणि सिमेंटची धूळ मात्र कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका, वॉचमनला पण बजावून सांगा, कारण सकाळी बादलीभर पाण्यात तेच एक फडकं बुडवून दहा गाड्या पुसायची जी पद्धत आहे तिने कव्हरपेक्षा जास्त रेघा पडतात. आधी नुसतं पाणी भरपूर ओतायचं, कण वाहून गेले की मग मायक्रोफायबर. सिमेंटच्या धुळीवर रात्री दव पडलं की ती पत्र्याला धरते आणि क्षाराचे डाग पडतात, त्यामुळे समोरचं बांधकाम चालू असेपर्यंत दोन-तीन दिवसांतून एकदा तरी पाणी मारा. तीन-चार महिन्यांनी वॅक्स केलंत तर धूळ कमी चिकटते.

चार-पाच दिवस गावाला जाणार असाल तर गाडी धुऊन, वाळवून जरूर घाला. फक्त गाडी आल्या आल्या नको, सायलेन्सर आणि बॉनेट गार व्हायला अर्धा तास द्या, गरम सायलेन्सरला पॉलिएस्टर लागलं की वितळून चिकटतं. काढताना दोन्ही बाजू उचलून टपावर मधोमध घ्यायच्या, लांब पट्टी झाली की पुढून मागे गुंडाळत डिकीपर्यंत यायचं, म्हणजे धुळीची बाजू धुळीच्याच बाजूला लागते आणि मऊ बाजूला धूळ लागत नाही. घालताना डिकीकडून पुढे उलगडत या. जमिनीवर टाकून ठेवू नका, अस्तराला खडा चिकटला की तोच गाडीभर फिरतो.

प्रश्न : आम्ही दोघं जून ते ऑगस्ट मुलीकडे बंगळुरूला जातोय. गाडी गंगापूर रोडला बंगल्याच्या अंगणात उघड्यावर राहील. नवीन कव्हर आणलंय, घट्ट बांधून जावं म्हणते. (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : ताई, पावसाळ्याचे तीन महिने गाडी घट्ट बांधून जाऊ नका, कृपा करून. आपल्याकडे जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, ओलं कव्हर गाडीवरच ओलं राहतं, आत सीटवर आणि स्टिअरिंगवर बुरशी येते, परत याल तेव्हा दार उघडल्यावर कुबट वास येईल. शिवाय अंधारी, बिनवाऱ्याची जागा उंदराला हवीच असते, आणि एकदा तो बॉनेटखाली घुसला की वायरी कुरतडतो, ते काम महागात जातं.

शेजारी किंवा घरकामाच्या मावशी कोणी असतील तर त्यांना सांगून जा की उघडीप पडली की कव्हर काढून कंपाउंडवर वाळत घालायचं आणि गाडी दोन-चार तास मोकळी ठेवायची. असं कोणी नसेल तर कव्हर न घालता जा, मी खरंच सांगतो, पावसात धुतली गेलेली गाडी ओल्या कव्हरखालच्या गाडीपेक्षा चांगली राहते. फक्त झाडाखाली नको.

बाकी जायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून घ्या. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात मागचे ब्रेक शू चिकटतात आणि मग चाकच फिरत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून विटा लावा. हवा जरा जास्त भरा. गाडीत खाण्याचं काही, अगदी बिस्किटाचा चुरासुद्धा राहू देऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे बागा झोडपणारी गारपीट होते. कव्हरने गाडी वाचेल का? (एक द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : पातळ कव्हरने नाही वाचणार दादा, गारेचा मार तसाच पत्र्याला बसतो. वेळ मिळाला तर टपावर, बॉनेटवर आणि काचांवर जाड गोधड्या किंवा जुनी गादी टाका, वरून कव्हर घाला म्हणजे ते उडणार नाही, आणि पाऊस थांबला की लगेच काढा, कारण भिजलेली गादी रंगावर ठेवणं परत वाईटच. शेडमध्ये ट्रॅक्टरशेजारी जागा होत असेल तर मोसमात गाडी तिथेच लावा. विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर गारांचं काही मिळत नाही, ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, असेल तर मिळतं. एखाद-दोन पोचे असतील तर मात्र आधी डेंटिंगवाल्याकडून खर्चाचा अंदाज घ्या, क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो आणि तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल तर पुढच्या हप्त्यात ते जाणवतं.

प्रश्न : दिवाळीत आणि रंगपंचमीला गाडी झाकून ठेवावी ना? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : रंगपंचमीला हो. तुमच्या भागात रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात तेव्हा रस्त्यावरची गाडी रंगातून सुटत नाही, त्या दिवशी जुनं कव्हर घाला आणि रंग वाळायच्या आत, त्याच संध्याकाळी ते काढून धुवा, नाहीतर ओला रंग झिरपून खाली पत्र्यावर उतरतो. दिवाळीत नेमकं उलटं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कव्हर काढून डिकीत ठेवा. पॉलिएस्टरवर ठिणगी पडली की ते पेटतं, वितळून गाडीला चिकटतं, उघड्या पत्र्यावर पडलेली ठिणगी बहुतेक वेळा तिथेच विझते. सकाळी फटाक्यांची राख पाण्याने घालवा, आणि कव्हर परत घालायच्या आधी ते अंगणात उलटं करून झटकून घ्या.