एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन गेम: लेव्हल ५० झाली, आता कोणते गिअर सेट (एकत्र घातल्यावर बोनस देणारी चिलखतं, शस्त्रं, दागिने) घेऊ?

आत्ताच सोनेरी, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या गिअरवर साहित्य उधळू नका, कळकळीने सांगतो. चॅम्पियन पॉइंट (लेव्हल ५० नंतर मिळणारे गुण) १६० होईपर्यंत गिअरची पातळी वाढतच राहते, आज बनवलेलं चिलखत लवकरच मागे पडतं. तोवर मिळेल ते घाला.

१६० नंतर पाच-पाच तुकड्यांचे दोन सेट आणि डोकं-खांद्यावर दोन तुकड्यांचा मॉन्स्टर सेट. धनुष्य, स्टाफ किंवा दोन हातांनी धरायचं कुठलंही शस्त्र दोन तुकडे धरलं जातं. शस्त्राचा बार (शस्त्र आणि कौशल्यांची एक जोडणी; असे दोन असतात) बदलला, की त्या शस्त्रावर अवलंबून असलेला पाचव्या तुकड्याचा बोनस तिथेच बंद पडतो! म्हणून सतत लागणारा सेट अंगावर आणि दागिन्यांत ठेवा. सुरुवातीला हंडिंग्ज रेज हा सेट उत्तम, गिल्डमधला (खेळाडूंच्या गटातला) क्राफ्टर, म्हणजे गिअर बनवणारा खेळाडू, बनवून देईल.