दुष्काळात शहरातले लोक पाणी वापरायची सवय खरंच बदलतात का?

बदलतात, पण आवाहनं वाचून नाही. नळ किती दिवसांनी येतो, त्यावर सगळं ठरतं.

मी सोलापूरची. आमच्याकडे बऱ्या वर्षीसुद्धा नळाला रोज पाणी नसतं, मध्ये तीन-चार दिवस जातात. शहराची मोठी भिस्त उजनीवर, आणि धरण शंभराहून जास्त किलोमीटर लांब. २०२४ च्या जूनमध्ये उजनी उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठ्यातलंही निम्म्याच्या आसपास उपसून झालं होतं.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरातली एक जुनी रीत मोडली. पाणी सुटायच्या दिवशी सकाळीच सासूबाई हंडे-कळश्या रिकाम्या करायच्या, पिंपातलं उरलेलं पाणीही अंगणात ओतून द्यायच्या. का, तर ते शिळं झालं! एकदा सगळं ओतून झालं आणि नळ आलाच नाही. घरात पाच माणसं, भर उन्हाळा, आणि अंगणातली फरशी वाळलेलीसुद्धा. त्या दिवशी शेजारच्या काकूंनी दोन कळश्या दिल्या म्हणून चूल पेटली. तेव्हापासून नळाला धार लागल्याशिवाय भांडं पालथं करायचं नाही, आणि उरलेलं पाणी धुण्याला घ्यायचं, हे सासूबाईंनीच ठरवून टाकलं. माझ्या मते आमची सगळ्यात मोठी बचत हीच झाली.

बाकी बदल बहुतेक घरांत सारखेच. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपडे खळबळलेलं पाणी संडासात. आरओच्या मशीनमधून एक लिटर पाणी मिळायला दोन-तीन लिटर वाया जातं. त्या नळीखाली आम्ही बादली ठेवली, ते पाणी फरशीला चालतं. अवघड गेला तो कूलर. सोलापूरचं ऊन ४३ अंशांवर गेल्यावर तो बंद कसा ठेवणार? शेवटी फक्त रात्री, आणि सगळ्यांनी एकाच खोलीत झोपायचं, असं केलं.

एक मात्र नक्की सांभाळा. पाणी साठवून ठेवलं की डेंग्यूचा डास येतो. त्याची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून पिंप नुसतं विसळून भागत नाही. तळाला तांब्याभर पाणी उरलं की काथ्यानं आतून घासून घ्यायचं आणि भरल्यावर तोंडाला जुनं सुती कापड घट्ट बांधायचं.

ज्यांच्याकडे बोअर आहे, त्यांच्या सवयी फारशा बदलल्या नाहीत. आमच्याच गल्लीत एका घरी मे महिन्यातही पाइपनं गाडी धुतली जायची. बोअर आटला, टँकर विकत घ्यावा लागला, आणि मग तिथेही बादली-फडकं आलं. याचं मला वाईट वाटतं, कारण जमिनीखालचं ते पाणी सगळ्या गल्लीचं होतं.

पाऊस झाला, उजनी भरलं, तशा निम्म्या सवयी सुटल्या. कूलर दिवसाही लागतो. पण कॅलेंडरवर पाणी सुटायच्या तारखेला सासूबाई आजही पेन्सिलीनं गोल करतात, आणि पाणी आल्यावरच तो खोडतात.