बाहुलीच्या कानाचा हिरवा डाग: आधी धातू काढा, आणि मे महिन्यातलं ऊन टाळा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईची साठच्या दशकातली व्हिनाइलची बाहुली, आत्याने परदेशातून आणलेली. दोन्ही कानांभोवती हिरवट-निळा डाग, घरी घातलेल्या नथीच्या जागी तसाच एक ठिपका आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून खाली तपकिरी ओघळ. साबण झाला, लिंबू झालं, खाण्याचा सोडा झाला, डाग जागचा हलला नाही. आता कुणी सांगितलं म्हणून मुरुमांचं क्रीम लावून बाहुली गच्चीवर ठेवायचा तुमचा विचार आहे. क्रीमचा उपाय खरा आहे. पण सोलापुरात, मे महिन्यात, गच्चीवर ठेवू नका. हे वाचून होईपर्यंत तरी थांबा, एवढी कळकळीची विनंती.

हा डाग धुऊन का जात नाही ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. बाहुलीचं व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं, पाण्याच्या पाइपसारखं. ते गालासारखं मऊ व्हावं म्हणून त्यात तेलकट रसायन मिसळलेलं असतं, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. हे रसायन व्हिनाइलला चिकटलेलं नसतं. ते आत हळूहळू फिरत असतं आणि वर्षानुवर्षांनी बाहेरही येतं. जुन्या बाहुल्या हाताला चिकट लागतात त्या यामुळेच. शिवाय जुनं होताना पीव्हीसीतून अगदी थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटत राहतं. कानात पितळेची काडी असली की हे आम्ल आणि हवेतला दमटपणा मिळून पितळेतल्या तांब्याला खातात. त्यातून तयार झालेले तांब्याचे हिरवे क्षार त्या तेलकट रसायनातून व्हिनाइलच्या आत पसरत जातात. म्हणजे तुम्हाला दिसतो तो डाग पृष्ठभागावर नाहीच, आत मुरलेला आहे. साबण तिथे पोहोचत नाही आणि घासून तर गालाचा पोतच जातो. पितांबरी, चिंच, राख हे देवघरातल्या पितळेसाठी ठेवा, बाहुलीला लावू नका. नेलपॉलिश रिमूव्हरने व्हिनाइल आणि ओठांचा रंग दोन्ही विरघळतात. कपड्यांचं ब्लीचसुद्धा नको, त्याने तांब्याचा डाग जात नाही आणि गंजाचा तर आणखी पक्का होतो.

हा त्रास फक्त आपल्या घरगुती नथीचा नाही. १९५९ साली आलेल्या पहिल्या बार्बी बाहुल्यांच्या तळपायांत, त्या स्टँडवर उभ्या राहाव्यात म्हणून, तांब्याच्या नळ्या होत्या आणि त्या पायांवरही हिरवे डाग पडले. साठच्या दशकातल्या बार्बींचे कान हिरवे होणं तर इतकं नेहमीचं आहे की जगभरचे संग्राहक बाहुली हातात घेतली की आधी कान बघतात. आपल्याकडे त्यात भर पडते ती हौसेची. बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचं म्हणून नथ, डूल, तारेच्या बांगड्या, पैंजण घातले जातात आणि मग ती बाहुली तशीच नटलेली काचेच्या शोकेसमध्ये वर्षानुवर्षं उभी राहते. एक ग्रॅम सोन्याचे दागिने आत तांब्या-पितळेचेच असतात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. म्हणजे हिरवा डाग त्यांचाही पडतो.

म्हणून पहिलं काम धातू बाहेर काढणं. तो आत असेपर्यंत कुठलाही उपाय करा, डाग परत येणार. कानातली काडी सरळ ओढू नका, छिद्र फाटतं. हेअर ड्रायर सगळ्यात कमी गरम ठेवून, हात सतत हलता ठेवून कान कोमट करा. व्हिनाइल मऊ झालं की काडी हळूहळू फिरवत सैल करा. काडी आतच तुटली तर मान थोडी गरम करून डोकं काढता येतं का बघा आणि आतून चिमट्याने ओढा. मान कडक वाटली, गळ्याला बारीक चीर दिसली, तर जोर लावू नका. फाटलेल्या मानेपेक्षा हिरवा कान परवडला. शिवणयंत्राचं तेल सोडून काडी सैल करू असा विचार मनात आला असेल तर तोही सोडा, ते तेल व्हिनाइलमध्ये मुरतं. एक लोहचुंबक जवळ ठेवा. कानापाशी तो ओढला गेला तर काडी आतून लोखंडाची आहे, वर फक्त मुलामा आहे. नाही ओढला तर बहुधा पितळ. बाहुलीच्या कपड्यांतल्या टाचण्या, हुक, साडीला लावलेली जर हेही काढून ठेवा.

आणि ड्रायर लावायच्या आधी एक खात्री करा की बाहुली खरंच व्हिनाइलची आहे. जुन्या काही बाहुल्या सेल्युलॉइडच्या असतात. अंगठ्याने जोरात घासल्यावर कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइड. ते भयंकर पेट घेतं. त्याला ड्रायर नाही, क्रीम नाही, ऊन नाही, काहीच नाही. तुमच्या वर्णनावरून तुमची व्हिनाइलचीच वाटते, गाल दाबला की आत जातो म्हणालात.

आता तपकिरी ओघळ. हा तांब्याचा डाग नव्हे, हा गंज आहे आणि त्यावर मुरुमांचं क्रीम काही करत नाही. उघडझाप करणाऱ्या डोळ्यांच्या आत लोखंडी वजन किंवा तार असते. बाहुलीला कधी आंघोळ घातली गेली की पाणी डोक्यात साचतं, तार गंजते आणि तो गंज डोळ्याच्या खाचेतून झिरपतो. म्हणून इथून पुढे डोकं पाण्यात बुडवायचं नाही. ओघळ साफ करताना बाहुली पालथी धरा, म्हणजे थेंब आत न जाता बाहेर पडेल. गंज बराचसा वरवरचा असतो, त्यामुळे इथे यश लवकर मिळतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कपभर पाण्यात चमचाभर विरघळवा. कापसाची काडी त्यात बुडवून, निथळून, फक्त ओघळावर ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी पुसा आणि पुन्हा ठेवा. त्याने भागलं नाही तरच ऑक्झॅलिक आम्ल, १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम, त्याहून कडक नको. ते विषारी आहे. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, मुलं आसपास नकोत आणि ब्लीचच्या जवळपासही नेऊ नका, कारण आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

इथे सोलापूरकरांनी एक गोष्ट खास लक्षात ठेवायची. आपलं बोअरचं पाणी क्षारांचं. ऑक्झॅलिक आम्लाला त्यातला कॅल्शियम भेटला की पांढरा थर बसतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा. पुष्कळशा मूतखड्यांत असतं तेच हे, पाण्यात विरघळत नाही. पापण्यांच्या मुळाशी आणि केसांच्या छिद्रांत ते अडकलं तर काढणं अवघड. म्हणून द्रावणालाही आणि नंतर पुसायलाही इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. लिटरभर पाणी सगळ्या कामाला पुरतं.

आता हिरव्या डागाकडे. औषध म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड. परदेशातले संग्राहक १० टक्क्यांचं क्रीम वापरतात. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहसा २.५ आणि ५ टक्क्यांचं जेल मिळतं, तेच बरं. साधं जेल मागा. क्लिंडामायसिन किंवा अ‍ॅडापॅलीन मिसळलेलं नको, त्यांचा इथे काही उपयोग नाही. पेरॉक्साइडच इथे का चालतं? कारण ते तेलात विरघळतं. त्यामुळे व्हिनाइलच्या आत, डाग आहे तिथपर्यंत, शिरू शकतं. उजेडाने किंवा उबेने ते फुटतं आणि रंग तोडतं. याच गुणामुळे ते धोक्याचंही आहे. हिरवा रंग कुठला आणि बाहुलीच्या गालाचा गुलाबी रंग कुठला, हा फरक त्याला कळत नाही.

म्हणून जेल फक्त डागावर, टूथपिकच्या टोकाने. कानाच्या छिद्रातही थोडं भरा, डागाचं मूळ तिथे आहे. केस मागे बांधून कापडात गुंडाळा, ओठ आणि भुवयांना जेलचा स्पर्श होऊ देऊ नका. वरून क्लिंग फिल्मचा छोटा तुकडा लावा, कारण जेल वाळलं की काम थांबतं. दिवसातून एकदा डिस्टिल्ड वॉटरच्या ओल्या कापसाने पुसून नीट बघा आणि मग नवं लावा. खाली पांढरा पंचा अंथरा. हे जेल रंगीत कापडावर सांडलं तर तिथला रंग उडतो, तुमच्या घरातल्या चांगल्या सोलापुरी चादरीवर हा उद्योग मांडू नका. अडीच टक्क्यांपासून सुरुवात करा. आठवडाभरात काहीच हललं नाही तर पाच.

उन्हाबद्दल. “क्रीम लावून उन्हात ठेवा” हा सल्ला जिथून आला तिथलं ऊन आणि आपलं ऊन यांत फार अंतर आहे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ वर जातो आणि गच्चीची फरशी किंवा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्या तापात प्लास्टिसायझर भराभर बाहेर येतो, बाहुली चिकट होते, पातळ भाग वाकतात आणि जेल तासाभरात सुकून बसतं. डागाभोवतीची त्वचाही उन्हाने फिकी पडते ती वेगळीच. काचेच्या खिडकीमागे ठेवलं तर उष्णता आणखी साठते. या दिवसांत घरातल्या उजेडाच्या खोलीत, सावलीतच ठेवा. आठवडे लागतील, लागू द्या. ऊन द्यायचंच असेल तर गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, सकाळचं कोवळं ऊन तासभर, आणि तेव्हाही डाग सोडून बाकीचा चेहरा अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाकून. तुम्हाला यंदाच्या सुट्टीत भाचीच्या हातात बाहुली द्यायची आहे हे कळतं. पण साठ वर्षं मुरलेला डाग आहे, त्याला जानेवारीपर्यंत वेळ दिला तर बाहुलीचंच भलं आहे.

थांबायचं कधी, हे माझ्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं. डाग पूर्ण जाईपर्यंत लावत राहू नका. हिरवटपणाची फिकी छटा उरली की थांबा. कारण मुरलेलं पेरॉक्साइड पुसून पूर्ण निघत नाही, जेल काढल्यावरही काही काळ आत काम चालू राहतं. ज्यांनी शेवटच्या ठिपक्यापर्यंत लावलं त्यांच्या बाहुल्यांच्या कानांभोवती पुढे पांढरे चट्टे उमटलेले मी पाहिले आहेत. हिरवा डाग पुढेही कमी करता येतो, उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून थांबल्यावर महिना-दोन महिने काहीही न लावता ठेवा आणि मग दिवसाच्या उजेडात बघा. हिरवं पुन्हा वर आलं असेल तर खोलवरचं तांबं सरकून आलं आहे किंवा छिद्रात काडीचा तुकडा राहिला आहे. आधी तुकडा शोधा, मग थोडं जेल.

संग्रहालयांत जुन्या वस्तू जपणारे लोक अशा उपायांपासून सहसा दूर राहतात, कारण केलेलं परत फिरवता येत नाही. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे आणि बाहुली दुर्मीळ असेल तर मीही धातू काढून तेवढ्यावर थांबा असंच सांगेन. तुमची बाहुली खेळलेली, घरची आहे, पुन्हा खेळली जाणार आहे. तिला सौम्य उपाय करायला माझी हरकत नाही. पुढे कधी विकली किंवा कुणाला दिली तर कानांवर पेरॉक्साइड लावलं होतं हे मात्र सांगायचं. चांदी चमकवायचं थायोयुरियाचं द्रव लावा असंही कुणी सुचवेल. ते मुळीच नको. व्हिनाइलमध्ये मुरलं तर निघत नाही आणि थायोयुरियावर कर्करोगाचा संशय आहे. लहान मुलीच्या हातात जाणारी वस्तू आहे ही.

नंतर ठेवताना पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट टाळा, उन्हाळ्यात त्याची भट्टी होते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई व्हिनाइलमध्ये उतरते. डांबरगोळ्या तर अजिबात नको, त्यांची वाफ प्लास्टिक मऊ करते. हवाबंद पिशवीही नको. चाटी गल्लीतून पांढरी मलमल आणा, दोनदा धुऊन खळ काढा आणि त्यात सैल गुंडाळून खालच्या मजल्यावरच्या लाकडी कपाटात ठेवा. गडद रंगाची साडी कायम नेसवून ठेवू नका, तिचा रंगही असाच आत उतरतो.

नथ भाचीला हवीच असेल. मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्यात काचेचे किंवा प्लास्टिकचे पांढरे मणी ओवा, मध्ये एक लाल, आणि जुन्याच छिद्रातून दोरा घालून आत गाठ मारा. तार कुठेही नको, मण्यांच्या मधल्या सोनेरी टोप्याही नकोत. डोकं निघालं का आणि काडी लोखंडाची निघाली की पितळेची, तेवढं कळवा. कानाचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा, म्हणजे जेल किती टक्क्यांचं आणायचं ते सांगता येईल.