सिंगापूर-मलेशिया-थायलंड, दोघं आणि एक खोली

सुट्टीचा बेत ठरायच्या आधी गे जोडपी समुपदेशनात एक प्रश्न हमखास विचारतात: "आम्ही दोघं पुरुष. परदेशात एका खोलीत राहिलो तर कोणी पकडेल का? हॉटेलवाला हाकलेल का? आणि घरी कळलं तर?" तिन्ही गोष्टी एका दमात विचारल्या जातात, म्हणून उत्तरही एकच असेल असं वाटतं. ते तसं नसतं. खालचं प्रकरण त्यासाठीच सविस्तर मांडलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एक जण पुण्यात इंजिनिअर, मूळचा सांगलीकडचा. दुसरा ठाण्यात फार्मासिस्ट. दोघंही पस्तिशीच्या आसपास, बरीच वर्षं सोबत. ठाणेकराच्या बहिणीला सगळं माहीत आहे. सांगलीकराच्या घरी "पुण्यातला मित्र" एवढंच. ठाणेकराने एका टूर कंपनीचं सिंगापूर-मलेशिया-थायलंड पॅकेज पसंत केलं होतं. कितीतरी मराठी घरांतली पहिली परदेशवारी हीच असते. पण ॲडव्हान्स भरायची वेळ आली की सांगलीकराचं काहीतरी निघायचं. रजा शिल्लक नाही, पासपोर्टवरचा पत्ता जुना आहे, दिवाळीनंतर बघू. ठाणेकराने त्याचा सरळ अर्थ लावला: "याला माझ्यासोबत दिसायची लाज वाटते." तो म्हणायचा, "लोणावळ्यालासुद्धा हा माझ्यापुढे दोन पावलं चालतो."

अशा वेळी "घाबरू नका, आता जग बदललंय" असा धीर देऊन काही साधत नाही. सांगलीकराला एवढंच विचारलं, की टूरचं नाव काढल्यावर डोळ्यांसमोर नेमकं काय येतं. त्याने जे सांगितलं त्यात पोलीस सगळ्यात शेवटी आले. आधी आली रिसेप्शनवरची मुलगी, जी किल्ली देताना दोघांकडे आळीपाळीने बघते. मग टूरमधल्या काकू, रात्री जेवणाच्या टेबलावर "तुमचं दोघांचं लग्न नाही का झालं अजून?" असं विचारणाऱ्या. मग आईचा फोन: "अजून कोण कोण आहे सोबत?" आणि त्यानंतर कायदा.

म्हणजे त्या एका भीतीत चार वेगवेगळ्या गोष्टी होत्या: खोली, सहप्रवासी, घर आणि कायदा. प्रत्येकीचा इलाज निराळा. कायद्याची भीती माहितीने आटोक्यात येते, खोलीची सरावाने, सहप्रवाशांची बेत बदलून. घरची भीती आधी ठरवलेल्या वाक्यांनी कमी होते. सगळं एकत्र बांधून ठेवलं की माणूस सोपा मार्ग धरतो आणि तारीख पुढे ढकलतो.

कायद्यापासून सुरुवात केली, कारण तिथे भावनेला वाव कमी. त्या एका पॅकेजमध्ये तीन देश होते आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी. सिंगापूरने पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं 377अ हे कलम रद्द केलं, ते 3 जानेवारी 2023 पासून अमलात आलं. समलिंगी विवाहाला मात्र तिथे मान्यता नाही. हाँग लिम पार्कमध्ये भरणाऱ्या 'पिंक डॉट' या समलिंगी हक्कांच्या मेळाव्याचे फोटो पाहून कोणी तारखा जुळवत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: त्या मेळाव्यात भाग घेण्याची परवानगी फक्त नागरिकांना आणि कायम रहिवाशांना आहे, पर्यटकांना नाही. थायलंडमध्ये जानेवारी 2025 पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे. आग्नेय आशियात तो पहिला देश. आणि या दोघांच्या मधोमध मलेशिया. तिथल्या दंडसंहितेत 377अ आणि 377ब अजून आहेत, वीस वर्षांपर्यंत कैद आणि फटक्यांची शिक्षा. 2023 मध्ये स्वॉच कंपनीची इंद्रधनुषी (म्हणजे समलिंगी समुदायाच्या चिन्हाच्या रंगांची) घड्याळं तिथल्या सरकारने दुकानांतून जप्त केली आणि ती जवळ बाळगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते असं जाहीर केलं. पुढे न्यायालयाने कंपनीला घड्याळं परत द्यायला लावली, पण बॅगेत काय ठेवायचं याचा विचार करायला एवढं पुरेसं आहे.

ठाणेकराचं म्हणणं होतं, की असंख्य गे पर्यटक क्वालालंपूरला जाऊन सुखरूप परत येतात. ते खरंच आहे. हॉटेलच्या बंद खोलीतल्या परदेशी पाहुण्यांमागे पोलीस लागतात असं चित्र नाही. दोन मित्र म्हणून, दोन वेगळ्या पलंगांवर, हात न धरता राहिलं तर मलेशिया पाहून होतो. त्याला क्वालालंपूरजवळच्या बटू केव्हज या गुहांपाशी असलेला मुरुगनचा (कार्तिकेयाचा) पुतळा पाहायची फार इच्छा होती, आणि ती इच्छा काही चुकीची नव्हती. पण या जोडप्याचं दुखणंच "मित्र म्हणून वावरणं" हे होतं. जे घरी रोज फुकट करावं लागतं, तेच परदेशात पैसे भरून कशासाठी करायचं? हे एकदा मोकळेपणाने बोललं गेल्यावर मलेशिया गाळायचा निर्णय ठाणेकरानेच घेतला. दुसऱ्या एखाद्या जोडप्याने उलटा निर्णय घेतला असता तर तोही ठीकच.

इतर नेहमीच्या ठिकाणांबद्दलही असंच नीट बघावं लागतं. दुबई आणि मालदीव, दोन्हीकडे समलिंगी संबंध गुन्हा आहे. मालदीवच्या हनिमून पॅकेजच्या जाहिराती पाहून हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये तसा कायदा रद्दबातल ठरवला. व्हिएतनाममध्ये असे संबंध गुन्हा नाहीत. नेपाळ जवळचा, व्हिसाची भानगड नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथे एका समलिंगी जोडप्याच्या विवाहाची नोंदही झाली. फक्त विमानाने जाताना आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. इल्गा वर्ल्ड ही संस्था देशोदेशीच्या कायद्यांची माहिती ठेवते. तिकीट काढायच्या आधी ती बघावी आणि विमान मध्ये कुठे थांबतं तेही बघावं.

विमानतळाच्या खिडकीवर "हा तुमचा कोण?" असं विचारतील, ही सांगलीकराची समजूत होती. तुमचा लैंगिक कल विचारणं हा त्या अधिकाऱ्याचा विषयच नाही. तो परतीचं तिकीट, हॉटेल बुकिंग आणि पैसे बघतो. अडचण येते ती वेगळ्याच कारणाने. जोडप्यात बहुधा एकच जण व्यवहार सांभाळतो, त्यामुळे बुकिंग एकाच्या नावावर, कार्ड एकाचं, रोख रक्कमही एकाच्याच खिशात. कागदोपत्री तुम्ही दोन स्वतंत्र प्रवासी आहात. भारतात समलिंगी संबंध 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने गुन्हा राहिले नाहीत, पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात विवाहाला मान्यता मिळाली नाही. म्हणून व्हिसा अर्ज, विमा, पैसे, हॉटेलची प्रत, सगळं प्रत्येकाचं वेगळं असावं. थायलंडला जाताना डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. ते मोफत आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नव्हे. आणि व्हेप (ई-सिगारेट) नेऊ नये, थायलंडमध्ये आणि सिंगापूरमध्येही त्यावर बंदी आहे.

आता खोली. सांगलीकराची खरी गाठ इथेच होती, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथे दिला. सराव आधी घराजवळ करायचा ठरला: गोव्यात काणकोणला, पाळोळेच्या किनाऱ्याजवळ दोन रात्री. जवळच हवं म्हणून पुणेकर आधी लोणावळ्याचा विचार करतात, पण तिथे एक मेख असते. आपल्याकडची बरीच हॉटेलं त्याच भागातला पत्ता असलेलं आधार कार्ड, म्हणजे 'लोकल आयडी', घेत नाहीत. दोन तरुणांना असा नकार मिळाला की त्यांना वाटतं, आपल्याला ओळखलं. बहुतेक वेळा कारण फक्त पत्ता असतं.

फोन सांगलीकरानेच करायचा होता. वाक्य ठरलेलं: "आम्ही दोन पुरुष आहोत. दोन रात्रींसाठी एक खोली हवी, किंग बेडची." बरेच जण "डबल रूम" म्हणतात आणि तिथे गेल्यावर दोन सुटे पलंग जोडलेले मिळतात. समोरचा माणूस "हो सर, नावं सांगा" म्हणतो, की आवाज बदलून "एक मिनिट, विचारून सांगतो" म्हणतो, ते कान देऊन ऐकायचं. दुसरा प्रकार झाला तर वाद न घालता दुसऱ्या हॉटेलला फोन. नकाराबद्दल तिथे पोहोचल्यावर रात्री नऊ वाजता भांडण्यापेक्षा तो फोनवरच कळलेला बरा.

काउंटरवरही किल्ली त्यानेच घ्यायची आणि ठाणेकराने मध्ये बोलायचं नाही, हे ठरवून दिलं. ही शेवटची अट पाळणं सगळ्यात अवघड गेलं. जोडीदार मदतीला धावला की भीती तिथल्या तिथे टळते, पण ओसरत नाही. पुढच्या वेळी तितकीच परत येते. गोव्यात रिसेप्शनवरच्या मुलाने विचारलंच, "सर, ट्विन करून देऊ का?" ट्विन म्हणजे दोन वेगळे पलंग. सांगलीकराची कानशिलं तापली. तो म्हणाला, "नको, हीच ठेवा." मुलाने मान डोलावली आणि नाश्त्याची वेळ सांगितली. दोन पुरुषांना ट्विन विचारणं हे आपल्याकडे आणि थायलंडमध्येही बहुतेक वेळा निव्वळ सौजन्य असतं. हे त्याला आधी सांगून झालं होतं. पटलं मात्र त्या काउंटरवर.

थायलंडच्या हॉटेलबद्दल आणखी एक गोष्ट. बुकिंग करताना दोन प्रौढ आणि दोघांची नावं घालावीत. एकाच्याच नावाने खोली घेतली तर दुसरा 'जॉइनर' ठरतो, काही हॉटेलं त्याचे वेगळे पैसे लावतात आणि काउंटरवर नको ती चर्चा होते.

टूरमधल्या काकूंचा प्रश्न सोडवायला फार वेळ लागला नाही. ग्रुप टूर सोडली. चाळीस माणसांच्या बसमध्ये आठवडाभर रोज तेच प्रश्न चुकवत बसणं म्हणजे सुट्टी नव्हे. दोघांनी स्वतःच सिंगापूर आणि थायलंडमधली बँकॉक व चिआंग माई ही शहरं असा बेत आखला.

बँकॉकमध्ये साला डेंग स्टेशनवर उतरलं की सिलोम सोय 4 आणि सोय 2 या गल्ल्या चालत जाण्याइतक्या जवळ आहेत. सोय 4 मध्ये बाहेर टेबलं मांडलेली असतात, नुसतं बसून माणसं बघता येतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी, थेट क्लबात शिरू नये. जवळच्या पटपाँगमध्ये दलाल हात धरून वरच्या मजल्यावर नेतात आणि उतरताना भलतंच बिल हातात ठेवतात; त्यांच्यामागे जाऊ नये. अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा नंबर 1155. हात धरून चालण्याकडे तिथे कोणी वळून बघत नाही, पण देवळात किंवा चारचौघांत चुंबन घेणं स्त्री-पुरुष जोडप्यालाही शोभत नाही असं तिथले लोक मानतात.

डेटिंग ॲपबद्दल सावधगिरी परदेशापेक्षा आपल्याकडेच जास्त लागते. खोट्या प्रोफाइलवरून भेटायला बोलावून फ्लॅटवर चार जणांनी घेरणं, व्हिडिओ काढणं, "घरी सांगू" म्हणत पैसे उकळणं, हे प्रकार घडतात. आधी व्हिडिओ कॉल, पहिली भेट गर्दीच्या जागी, चेहऱ्यासकट नग्न फोटो कधीच नाही. कोणी धमकावलं तर पैसे पाठवू नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. संभाषणाचे स्क्रीनशॉट ठेवावेत आणि 1930 (सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन) किंवा 112 वर फोन करावा. खंडणी हा गुन्हा आहे आणि तो धमकावणाऱ्याचा आहे, तुमचा नाही.

प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध) किंवा एचआयव्हीची औषधं चालू असतील तर ती मूळ डबीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपले ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही. असुरक्षित संबंध आला तर पेप, म्हणजे एचआयव्ही टाळण्यासाठी संबंधानंतर घ्यायचं औषध, 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावं लागतं. जितकं लवकर तितकं चांगलं. "परत गेल्यावर बघू" म्हणण्यात ती मुदत निघून जाते. बँकॉकमध्ये राचादमरी रस्त्यावर थाई रेड क्रॉसचं ॲनॉनिमस क्लिनिक आहे.

दोघांनी एकेक पानाचा कागदही इंग्रजीत तयार करून ठेवला. त्यावर नाव, पासपोर्ट नंबर, रक्तगट, ॲलर्जी, विमा पॉलिसीचा नंबर, आणि "माझ्या प्रकृतीची माहिती या व्यक्तीला द्यावी" असं वाक्य जोडीदाराच्या नावासह, सही करून. नोटरी केलेला असेल तर उत्तम. सगळीकडे तो कायद्याने बांधील ठरेलच असं नाही, पण अतिदक्षता विभागाच्या दाराशी "नातं काय?" असं विचारल्यावर निदान पुढे करायला हातात काहीतरी असतं. एक प्रत ठाणेकराच्या बहिणीकडे ठेवली.

राहिलं घर. सांगलीकराला आईशी खोटं बोलायचं नव्हतं आणि या सहलीच्या निमित्ताने सगळं सांगायचंही नव्हतं. दोन्ही त्याचे हक्क आहेत. जोडीदाराला घाई झाली म्हणून कोणी घरी सांगू नये. हे ठाणेकराला वेगळं बसवून समजावावं लागलं. वाक्यं ठरली ती अशी: "आई, आम्ही दोघंच चाललोय. रोज जेवण झालं की मी फोन करेन. फोटो मी निवडून पाठवेन." ऑफिसातले सगळे आहेत वगैरे कथा नको, कारण कथेतली माणसं पुढे लक्षात ठेवावी लागतात. फोनमधलं फॅमिली अल्बमचं आपोआप शेअर होणारं सेटिंग निघण्याआधी बंद केलं. अशा जोडप्यांचं गुपित अनेकदा तिथूनच फुटतं.

आईने विचारलं, "दोघंच? बरं आहे, गर्दी नको." आणि मग, "त्याला सांग, तुला प्रवासात पित्त होतं, गोळी जवळ ठेव म्हणावं." सांगलीकराने हा निरोप जसाच्या तसा पोहोचवला.

चिआंग माईच्या हॉटेलात बुकिंग किंग बेडचं असूनही ट्विन खोली निघाली. सांगलीकर एकटाच खाली गेला, बुकिंगची प्रत दाखवली आणि खोली बदलून आणली. लोणावळ्याला तो अजूनही दोन पावलं पुढे चालतो. त्यावर काम चालू आहे, आणि ठाणेकर त्याचा अर्थ आता लाज असा लावत नाही.