मुलाच्या नावाने कागद काढू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला: शाळेतल्या त्या जाड मुलाला डाएट चार्ट द्यायचा का, मुख्याध्यापिकांना यादी द्यायची का, आणि दोष कोणाचा. उत्तर मुद्दाम लिहून देते आहे. फोनवर तू दर वाक्याला "हो बाई, पण..." म्हणतेस आणि मला सांगायचं ते राहून जातं.

सांगायचं ते एवढंच: मुलाच्या नावाने कागद काढायचा नाही. डाएट चार्ट नाही, वजनाची चिठ्ठी नाही, आणि तुमच्या मुख्याध्यापिकांनी मागितलेली 'जास्त वजनाच्या मुलांची यादी' तर नाहीच नाही. नऊ वर्षांचा मुलगा बाजारहाट करत नाही, तेलाचा डबा आणत नाही, शाळेची वेळ ठरवत नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करत नाही. त्याच्या हातात यातलं काहीच नसताना तू त्याला लिहून देणार, पोळ्या दोन, भात अर्धी वाटी, गोड बंद. आणि महिन्याने त्यालाच उलटतपासणीसारखं विचारणार, का रे, पाळलं नाहीस?

तू विचारतेस, दोष कोणाचा. आई आजीकडे बोट दाखवते, आजी मोबाइलकडे, मुख्याध्यापिका पालकांकडे, आणि वडील म्हणतात, "आमच्याकडे सगळे अंगानं असेच." सगळ्यांचं थोडंथोडं बरोबर आहे, म्हणून तू गोंधळलीस.

वडिलांना उडवून लावू नकोस. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून वजनातल्या फरकाचा मोठा वाटा अनुवंशाचा निघतो. १९९७ साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी एकाच नात्यातल्या दोन मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. मेंदूला पोट भरल्याचा निरोपच जात नव्हता, त्यामुळे ती सतत भुकेली. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर भूक आवरली. तोवर त्यांच्या आईबापांनी काय काय ऐकून घेतलं असेल! असा दोष फार विरळा, तुझ्या शाळेत बहुधा कुणालाच नसेल. पण 'हावरट आहे हो' हे वाक्य मी त्यानंतर माझ्यासमोर कुणाला उच्चारू दिलं नाही, मग समोर आजी असो नाहीतर डॉक्टर.

आणि पुण्यात राहून तू 'दोष कोणाचा' विचारावंस? इथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून इथल्याच आसपासच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्याही आत, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. स्नायू कमी, पोटाचा घेर लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे दिसायला किडकिडीत आणि आतून चरबी धरून ठेवलेली. २००४ मध्ये याज्ञिकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं. त्यांचा आणि लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. चरबी युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. मग आता दोष गरोदर आईचा म्हणणार का? त्या बायका शेतात राबत होत्या, आणि ज्यांच्या ताटात पालेभाजी, फळं, दूध जास्त होतं त्यांची बाळं अंगाने भरलेली होती. त्या ताटात काय पडायचं ते तिने एकटीने थोडंच ठरवलं होतं?

काटा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे यावरून कळायला हवं. पण तुझी शाळा काट्यावरच अडली आहे. वर्गासमोर वजन घेताना पोरांकडे कधी नीट बघितलंस? अंगाने बारीक असलेलं पोर उडी मारून चढतं. जाड पोर बूट काढतं, पट्टा काढतं, खिशातलं खोडरबरसुद्धा बाकावर ठेवतं आणि श्वास रोखून उभं राहतं. मागचे दोघं आकडा वाचायला वाकलेले असतात. आकडा मोठ्याने वाचणाऱ्या शिक्षकांशी मी भांडले आहे आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

मोजू नको असं म्हणत नाही. खोलीचं दार लाव, एकेकाला बोलाव, आकडा स्वतःपाशी ठेव. उंची आधी घे. खाण्यापिण्याने वजन वाढलेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं. वजन जास्त आणि उंची खुंटलेली दिसली तर डाएटचं नावही न काढता बालरोगतज्ज्ञांकडे पाठव, थायरॉइड किंवा दुसरं काही असू शकतं. भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे तक्ते वापर. त्यातल्या जास्त वजनाच्या आणि लठ्ठपणाच्या रेषा (मोठेपणीच्या २३ आणि २७ बीएमआयशी जुळणाऱ्या) आपल्या पोरांसाठी आखलेल्या आहेत आणि त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. अमेरिकन तक्ते भिंतीवरून काढ.

आणि मान बघ. त्या मुलाची आई म्हणाली ना, "मान काळी पडते, नीट आंघोळ करत नाही"? तो मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला जुमानेनासं झालं की मानेवर, काखेत कातडी काळसर आणि जाडसर होते. आया बेसन लावतात, लिंबू चोळतात, घासणीने घासतात. रक्त येईपर्यंत घासलेली मान मी बघितली आहे आणि वर पोराने खाल्लेला धपाटाही. त्या आईला सांग, घासू नका, रक्त तपासा. हा कागद काढ, खुशाल काढ. तो डॉक्टरांच्या नावाने असतो.

आता यादीचं. अमेरिकेत आर्कान्सा राज्याने २००३ मध्ये कायदा करून मुलांच्या बीएमआयच्या चिठ्ठ्या घरी धाडायला सुरुवात केली. पुढे कॅलिफोर्नियाच्या शाळांत याची रीतसर चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल छापून आले. चिठ्ठ्या पाठवून वजनात फरक पडला नाही; शाळेत वजन केलेल्या मुलांना आपलं अंग मात्र आणखी नावडू लागलं. मुख्याध्यापिकांना हे दाखव. त्या म्हणतील, ते अमेरिकेत. म्हणू देत.

उलट चिलीने २०१६ पासून काय केलं? साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटावर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला, त्यावरची कार्टूनं काढून टाकली आणि शाळेत ते विकणं बंद केलं. शिक्का पाकिटावर मारला, पोराच्या कपाळावर नाही. ब्रिटनने २०१८ पासून गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणात कर लावला, तर कर लागू होण्याआधीच बऱ्याच कंपन्यांनी साखर कमी केली. एकाही मुलाला उपदेश करावा लागला नाही. आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडला बंदी केली, २०२० च्या केंद्रीय नियमांत फाटकापासून ५० मीटरपर्यंत असले पदार्थ विकायला मनाई आहे, २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर ते सांगणारा फलक, लावायला सांगितलं. तुमच्या फाटकापासून ५० मीटर चालून बघ आणि काय काय टांगलेलं दिसतं ते लिही. असा कागद मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवायचा. (वर्गातल्या वाढदिवसाला केक आणि वेफर्स, हेही त्यात लिही. शुगर बोर्डाखालीच कापतात.)

हे फक्त बाणेर-औंधच्या सुखवस्तू पोरांचं आहे अशा समजुतीत राहू नकोस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलं. त्याच पाहणीत ३५.५ टक्के मुलं उंचीने खुरटलेली. सिंहगड रोडच्या टपऱ्यांवर पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा असतात. धुणंभांड्याला निघालेली बाई त्यातलं एक पोराच्या हातात देते, कारण पाच रुपयांत पोर गप्प बसेल असं दुसरं काही मिळत नाही. तिला तू काय चार्ट देणार?

तुझ्या शाळेतल्या त्या मुलाचा दिवस मांडून बघ. पावणेसातला व्हॅन, म्हणजे सहाला उठणं. अडीचला घरी, चारला क्लास, सहाला दुसरा क्लास. आईबाबा हिंजवडीहून साडेआठला. जेवण साडेनऊ, झोप अकरा. त्या वयाला नऊ तासांच्या खाली झोप चालत नाही आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते. रोज तासभर धावायचं म्हणशील तर कुठे? सोसायटीत पाटी आहे: 'येथे चेंडू खेळू नये. वाहनांचे नुकसान झाल्यास पालकांकडून भरपाई घेण्यात येईल.' आपल्या गावाला पाट्या लिहायला सांगावं! मी सल्लागार होते त्या शाळेचं मैदान बसगाड्यांच्या पार्किंगला गेलं. विश्वस्तांना पत्रं लिहिली, पालकसभेत उभी राहिले. "बाई, तुम्ही आहाराचं बघा," असं ऐकलं. पालक गप्प बसले. त्या मैदानाची हळहळ जात नाही. आता तिथे वर्षातून एकदा 'फिटनेस डे' होतो, बसगाड्या बाहेर काढून.

मला हेकट म्हणतात, तूही मनात म्हणत असशील. मे महिन्यात आठ ते बारा वर्षांच्या मुलांचं 'वेट लॉस कॅम्प' एकांनी काढलं, पैसे चांगले होते, मी गेले नाही. पुष्कळ आया माझ्याकडून उठून गेल्या, कारण त्यांना छापील चार्ट हवा होता आणि मी विचारत होते की घरात महिन्याला तेल किती येतं. त्यांच्यातल्या काहींची मुलं मला अजून आठवतात, कुठे असतील कोण जाणे. पण तरी सांगते, मी बरोबर होते. इस्रायलच्या मोरिया गोलान यांनी सहा ते अकरा वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं: एका गटात फक्त मुलांना शिकवलं, दुसऱ्यात फक्त आईवडिलांना, मुलांना बोलावलंसुद्धा नाही. आईवडिलांच्या गटातल्या मुलांचं वजन जास्त उतरलं आणि सात वर्षांनीही तो फरक टिकला होता. हे वाचनात येण्याआधीपासून मी तेच करत होते. योगायोग म्हण हवं तर.

तेव्हा कागद काढायचाच तर घराच्या नावाने काढ. घरात बिस्किटांचा डबा ठेवायचा नाही, म्हणजे बाबांसाठीही नाही. जेवण आठला, म्हणजे एकाने लवकर निघायचं. बहीण बारीक आहे म्हणून तिला वेगळं ताट नाही. एक क्लास बंद. कुठला ते त्यांनी ठरवावं. वजन उतरवण्याच्या इंजेक्शनचं विचारतील, ते बालरोग हार्मोनतज्ज्ञांवर सोपव आणि पुढे चल.

आजीला मात्र शाळेत बोलावू नकोस. तू घरी जा. तिथलं स्वयंपाकघर ती चालवते आणि नातू जेवला की तिला दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो. तिला चूक दाखवायला गेलीस की संपलं. तिला विचार, तुमचा मुलगा या वयाचा असताना चार वाजता काय द्यायचात? ती सांगेल, मग तेच सुरू करायला सांग. जाताना पोट रिकामं ठेव, ती शिरा केल्याशिवाय सोडणार नाही, आणि तू "मी गोड खात नाही" म्हणालीस तर परत दार उघडणार नाही.

तुझी,
बाई